फीत कापता येत नाही म्हणून

एका तालुक्याच्या गावी, आरोग्य केंद्रामागच्या बाभळीखाली एक रुग्णवाहिका उभी आहे. दोन चाकांतली हवा गेली आहे, टपावर वाळलेल्या शेंगांचा थर आहे. दारावरचं देणाऱ्या फाउंडेशनचं नाव मात्र आजही लांबून वाचता येतं. गाडी आली त्या दिवशी मांडव होता, नारळ होता, फीत होती, दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो होता. चालकाचा पगार एका वर्षापुरता मंजूर होता. वर्ष सरलं आणि चालक साखर कारखान्याच्या ट्रॅक्टरवर गेला. ही गाडी बिघडून थांबलेली नाही. चालवायला माणूस उरला नाही म्हणून थांबली, आणि थांबून राहिली म्हणून बिघडली.

त्या गाडीपाशी उभं राहिलं की आपल्या आरोग्यदानाचा मोठा दोष एका जागी दिसतो. आपण वस्तूला पैसे देतो, माणसाला देत नाही. वस्तूवर नाव लिहिता येतं. तिची फीत कापता येते. गावातल्या एका बाईने रात्री दोन वाजता कंदील घेऊन जाऊन तीन दिवसांच्या बाळाचा श्वास मोजला, तर फीत कुठे बांधणार? आणि बाळ वाचतं ते त्या मोजण्याने.

हे मी भावनेच्या भरात म्हणत नाही. याचा पुरावा आहे, आणि तो महाराष्ट्रातला आहे.

*

डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ साली गडचिरोलीत ‘सर्च’ ही संस्था सुरू केली. दवाखाना कसा हवा, हे त्यांनी आदिवासींनाच विचारलं. मोठ्या इमारतींची लोकांना भीती वाटत होती. सोबतच्या नातेवाइकांना राहता यावं, गावासारखं वाटावं, ही त्यांची मागणी होती. म्हणून संस्थेच्या ‘शोधग्राम’ या परिसरातला दवाखाना वस्तीसारखा उभा राहिला आणि त्याला लोकांच्या देवीचं नाव मिळालं, माँ दंतेश्वरी. भिंत कशी असावी हेसुद्धा रुग्णाला विचारता येतं, हे आपल्या किती दात्यांना ठाऊक आहे?

पुढचं काम याहून मोठं होतं. नवजात बाळं घरात जन्मत होती आणि घरातच मरत होती. दवाखाना लांब, रस्ता नाही, पावसाळ्यात नाला भरलेला, आणि ओल्या बाळंतिणीने घराबाहेर पडायचं नाही ही रीत. मग उपचारच घरी न्यायचे ठरले. गावातल्याच, पाचवी ते दहावी शिकलेल्या बायका निवडल्या गेल्या. त्यांचं नाव आरोग्यदूत. त्यांच्या पिशवीत घड्याळ, थर्मामीटर, वजनकाटा, गुदमरलेल्या बाळाला श्वास देण्याची साधनं आणि जंतुसंसर्ग झाल्यास द्यायचं प्रतिजैविक होतं. बाळ जन्मल्यापासून पहिल्या महिन्यात त्या पुन्हा पुन्हा घरी जात. ते दूध ओढतंय का, अंग गार पडलंय का, श्वास जोरात चाललाय का, हे बघत. जंतुदोषाची लक्षणं दिसली आणि आईवडिलांनी दवाखान्यात नेण्यास नकार दिला, तर इंजेक्शन त्याच देत. पाचवी शिकलेल्या बाईच्या हातात इंजेक्शन! ज्यांना हे धाडस वाटतं त्यांनी पुढचा आकडा वाचावा.

३९ गावांत ही सेवा दिली गेली आणि तुलनेसाठी ४७ गावं निवडली गेली. सेवेच्या तिसऱ्या वर्षी, तुलनेच्या गावांच्या मानाने, नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटला. हा अभ्यास १९९९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. एका बाळामागे खर्च आला ५.३ डॉलर. दर १८ बाळांच्या काळजीमागे एक मृत्यू टळला.

आता गुणाकार करा. अठरा बाळांचे झाले सुमारे ९५ डॉलर. एक मृत्यू टाळण्याची किंमत शंभर डॉलरपेक्षाही कमी. उद्घाटनाच्या मांडवाचं भाडं, हारतुरे आणि पाहुण्यांचं जेवण धरलं तर आपण एका समारंभात किती बाळांचे पैसे उडवतो, याचा हिशेब ज्याचा त्याने करावा.

या कामाला फोर्ड आणि मॅकआर्थर या अमेरिकी फाउंडेशनांचा पैसा होता. त्या पैशाने काय विकत घेतलं, तेही पाहा. प्रशिक्षण घेतलं. देखरेख घेतली. गावोगावचा प्रत्येक जन्म आणि प्रत्येक मृत्यू नोंदवणारी माणसं घेतली. आणि सगळ्यांत महागाची गोष्ट घेतली, ती म्हणजे वेळ. संस्था सुरू झाली १९८६ ला, निष्कर्ष हाती आला १९९९ ला. तेरा वर्षं. मुंबईतल्या कोणत्या विश्वस्त मंडळाची तेरा वर्षं थांबायची तयारी आहे? हात वर करा.

*

त्याही आधीची गोष्ट जामखेडची. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे १९७० साली तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातल्या या दुष्काळी भागात आले. दोघेही वेल्लोरला शिकलेले. परदेशात राहिले असते तर कोणी नाव ठेवलं नसतं. ते इथे आले आणि आधी लोकांना विचारलं, तुम्हाला काय हवं? लोक म्हणाले, पाणी. डॉक्टरांनी मग पाण्याचं काम हाती घेतलं. हातपंप दलित वस्तीत बसतील असं पाहिलं, म्हणजे सगळ्या गावाला पाण्यासाठी तिथेच यावं लागेल. गॅस्ट्रो आणि अस्पृश्यता या दोन रोगांवर एकाच पंपाने इलाज चालला होता. असा विचार बंद खोलीतल्या सादरीकरणात सुचत नाही, गावात राहिल्यावरच सुचतो.

मग गावांनी आपापल्या बाया आरोग्यसेविका म्हणून निवडल्या. त्यांतल्या बऱ्याच जणी निरक्षर, कितीतरी दलित, काही नवऱ्याने टाकलेल्या. त्या नियमितपणे जामखेडला येत, शिकत आणि शिकलेलं गावात नेत. त्या पगारी नोकर नव्हत्या. पोटासाठी त्यांना छोटे उद्योग उभारायला मदत केली गेली. १९७१ साली त्या परिसरात हजार जन्मांमागे १७६ बाळं पहिल्या वाढदिवसाआधी मरत होती. पंचवीस वर्षांत हा आकडा तिसाच्या खाली आला. १९७९ साली आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला, आणि त्या कामामागे बाईला शिकवण्यावर झालेला खर्च होता.

शिकवणं हे एकदाचं काम नव्हे, हा जामखेडचा धडा आहे. दोन दिवसांची कार्यशाळा, वही, पेन, पिशवी, प्रमाणपत्र आणि ग्रुप फोटो, याला प्रशिक्षण म्हणत नाहीत. बाई परत आली पाहिजे. तिने आठवड्यात काय पाहिलं ते सांगितलं पाहिजे, चुकलं ते सुधारलं पाहिजे आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा यायला हवं. वर्षानुवर्षं. या येण्याजाण्याला एसटीचं भाडं लागतं, दुपारचं जेवण लागतं, शिकवणारी नर्स लागते. प्रस्तावातून सगळ्यांत आधी काट मारली जाते ती याच तीन ओळींवर.

*

आता आपल्या कायद्याकडे या.

कंपनी कायदा २०१३ मधलं कलम १३५ हे १ एप्रिल २०१४ पासून लागू झालं. नक्त मालमत्ता ५०० कोटी, उलाढाल १००० कोटी किंवा नफा ५ कोटी, यांपैकी एकही गोष्ट असली की मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के समाजासाठी खर्च करणं बंधनकारक झालं. चांगला कायदा आहे. आरोग्य, कुपोषण, स्वच्छता आणि पिण्याचं पाणी हे विषय त्याच्या यादीत पहिल्याच कलमात आहेत. या पैशावर आज अनेक कंपन्यांची फाउंडेशनं चालतात.

पण या चांगल्या कायद्याच्या तीन फटींतून पाणी गळतं.

पहिली फट वेळेची. चालू प्रकल्प म्हणजे, सुरुवातीचं वर्ष सोडून, फार तर तीन वर्षांचा. तीन वर्षांत शौचालय बांधून होतं. तीन वर्षांत गावाची सवय बदलत नाही. पहिलं वर्ष ओळख होण्यात जातं, दुसऱ्या वर्षी लोक दार उघडू लागतात, तिसऱ्या वर्षी काम रुळतं, आणि नेमका तेव्हाच निधी संपतो. मग वर्षाच्या शेवटी अहवालात परिणाम दाखवा म्हणून तगादा. पी हळद आणि हो गोरी, हा नियम आरोग्याला लावू नका. कायदा नवा प्रकल्प आखून त्याच गावात राहायला मना करत नाही. तेवढी इच्छा हवी.

दुसरी फट नकाशाची. कंपनी जिथे चालते त्या परिसराला प्राधान्य द्या, असं कायदा सांगतो. कारखान्याच्या धुराचा त्रास ज्याला, त्याला आधी मदत, हे न्यायाचंच आहे. पण भामरागडला कारखाना नाही. धडगावला नाही. तिथल्या बाळाने काय करायचं, आपल्या आईच्या कुशीतून उठून चाकण एमआयडीसीत यायचं? जिथे उद्योग नाही तिथे गरिबी जास्त, आणि जिथे गरिबी जास्त तिथे हा पैसा कमी, असं उलटं गणित आपण मुकाट्याने चालवून घेतो आहोत. कायद्यातला शब्द प्राधान्य असा आहे, बंदी असा नाही. एखाद्या संचालक मंडळाने ठरवलं तर उद्या सकाळी पैसा धडगावला जाऊ शकतो.

तिसरी फट मनातली. प्रशासकीय खर्च ५ टक्क्यांच्या आत ठेवा, असा नियम आहे. ही मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या व्यवस्थेवरच्या खर्चाला आहे. प्रकल्प आखणं, राबवणं, त्यावर देखरेख ठेवणं, हा खर्च त्यात धरलेला नाही. तरी हीच पाच टक्क्यांची फूटपट्टी घेऊन गावात काम करणाऱ्या संस्थेचे पगार मोजणारे लोक आहेत. समन्वयकाचा पगार कशाला? गाडीला पेट्रोल कशाला? आरोग्याच्या कामात पगार आणि पेट्रोल हेच काम असतं. नर्सचा पगार हा वायफळ खर्च, आणि नर्ससाठी घेतलेली खुर्ची ही मालमत्ता, असं मानणारा हिशेब मी नाकारते.

*

शिबिरांबद्दल बोललंच पाहिजे.

दर वर्षी ठरावीक दिवसांना गावोगाव मोफत आरोग्य शिबिरं होतात. फलक लागतो, टेबलं लागतात, रक्तदाब मोजतात, बोट टोचून साखर बघतात, तीन दिवसांच्या गोळ्या देतात. संध्याकाळी आकडा सांगतात, पाचशे लाभार्थी. कुठला लाभ? पासष्टीच्या आजीला सांगितलं, तुमचं बीपी वाढलंय. आजी घरी आली, तीन गोळ्या संपल्या. रक्तदाबाची गोळी रोज घ्यायची असते, बहुधा आयुष्यभर. चौथ्या दिवशी गोळी कोण देणार? आठवड्याने पुन्हा कोण मोजणार? आजीला नवी काळजी मिळाली, औषध मिळालं नाही, आणि आपण तिला लाभार्थी म्हणून मोजलं.

शिबिर वाईट नसतं. शिबिराच्या मागे उपकेंद्र उभं असेल, तिथे वर्षभर गोळ्या असतील आणि चुकलेल्या रुग्णाच्या घरी जाणारं कोणी असेल, तर त्या शिबिराला अर्थ आहे. लाभार्थी मोजू नका. सहा महिन्यांनी किती जणांचा रक्तदाब आटोक्यात आहे, ते मोजा. आकडा पाचशेवरून साठवर आला तरी चालेल. ते साठ खरे असतील.

*

मोठ्या पैशाचा एक जुना दाखला मुद्दाम देते, कारण त्यात शहाणपण आणि चूक दोन्ही आहेत.

१९०९ साली जॉन डी. रॉकफेलर यांनी अमेरिकेच्या दक्षिणेतल्या राज्यांतून अंकुशकृमीचा रोग घालवण्यासाठी पाच वर्षांकरता १० लाख डॉलर दिले. अनवाणी पायांतून शिरणारा हा जंत माणसाचं रक्त पितो. तपासलेल्या शाळकरी मुलांपैकी सुमारे ४० टक्के मुलांच्या पोटात तो सापडला. त्या पैशातून नेमलेल्या रॉकफेलर आयोगाने स्वतःचे दवाखाने थाटून राज्यांना बाजूला सारलं नाही. राज्यांच्या आरोग्य मंडळांमार्फत काम केलं, आणि गावोगावच्या औषधकेंद्रांच्या खर्चाचा काही वाटा त्या त्या काउंटीला उचलायला लावला. जवळपास सात लाख लोकांना औषध मिळालं. त्याहून मोलाची गोष्ट म्हणजे दुबळी राज्य आरोग्य खाती या कामाने उभी राहिली.

चूक कुठे झाली? जंत संपला नाही. औषधाने पोट साफ झालं, पण घरोघर संडास नव्हते आणि पायांत जोडे नव्हते. मुलं त्याच मातीत पुन्हा अनवाणी फिरली. गोळी लवकर वाटून होते. संडास आणि जोडे यायला मजुरी वाढावी लागते. रोगाचं मूळ गरिबीत असताना फक्त औषध देणाऱ्या प्रत्येक दात्याने ही शंभर वर्षांपूर्वीची माती डोळ्यांपुढे ठेवावी.

आपल्याकडेही इमारत बांधणाऱ्यांनी शहाणपण दाखवलं आहे. सर दोराबजी टाटा ट्रस्टने उभारलेलं मुंबईचं टाटा मेमोरियल रुग्णालय १९४१ साली सुरू झालं. पुढे १९५७ साली ते केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाकडे आणि १९६२ साली अणुऊर्जा खात्याकडे गेलं. आज देशभरातून कॅन्सरचे रुग्ण परळची वाट धरतात, ते दवाखान्यामागे सरकारची कायमची तिजोरी उभी आहे म्हणून. भिंत बांधणाऱ्याने भिंतीनंतरच्या पन्नास वर्षांचा विचार केला, तर ती भिंत टिकते.

*

यातूनच फाउंडेशनचं खरं काम कळतं. फाउंडेशनने सरकारची जागा घ्यायची नाही. तिच्याजवळ तेवढा पैसा नाही आणि तेवढा अधिकारही नाही. मतदार तिला जाब विचारू शकत नाही. पण सरकार जे करायला घाबरतं ते ती करू शकते. पाचवी शिकलेल्या बाईच्या हातात इंजेक्शन द्यायला कोणता सरकारी अधिकारी सही करेल? फाउंडेशन ती जोखीम घेऊ शकते. फसलं तर पैसा गेला, एवढंच. जमलं तर देशाचं धोरण बदलतं.

तसं ते बदललं. २०११ साली नवजात बालकांची घरी जाऊन काळजी घेण्याचा कार्यक्रम केंद्र सरकारने देशभर स्वीकारला आणि आशाताईंकडे, म्हणजे गावोगाव आरोग्याचं काम करणाऱ्या बायांकडे, दिला. गडचिरोलीच्या ३९ गावांतला प्रयोग देशाच्या खेड्यापाड्यांत गेला. दात्याच्या पैशाला याहून मोठं व्याज मिळत नाही.

पण इथे सरकारच्याही कानावर एक गोष्ट घालायला हवी. दवाखान्यात जन्मलेल्या बाळाकडे आशेने सहा फेऱ्या करायच्या, बेचाळिसाव्या दिवसापर्यंत. त्या सगळ्याचे एका बाळामागे ठरले २५० रुपये. फेरीला ४२ रुपयेसुद्धा पडत नाहीत. तिला कर्मचारी म्हणत नाहीत, स्वयंसेविका म्हणतात. पगार म्हणत नाहीत, मोबदला म्हणतात. २०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेने भारतातल्या आशांचा गौरव केला. त्यानंतर महाराष्ट्रातल्या आशांना आपल्या हक्काच्या पैशांसाठी २०२४ च्या सुरुवातीला आझाद मैदानात बसावं लागलं. जगाने टाळ्या वाजवल्या आणि घरच्यांनी ताटात वाढलं नाही. फाउंडेशनने सिद्ध करून दिलेलं काम सरकारने घेतलं, तर ते करणाऱ्या बाईचं पोटही सरकारनेच घ्यायला हवं.

*

तेव्हा विश्वस्त मंडळींनो, माझं मागणं थोडं आहे.

निदान दहा वर्षं एका तालुक्यात राहा. पन्नास जिल्ह्यांच्या नकाशावर टिकल्या लावू नका. प्रस्तावात पगार, प्रवास, दुरुस्ती आणि प्रशिक्षण या ओळी दिसल्या की त्या कापू नका. वस्तूंच्या ओळींवर प्रश्न विचारा. काय द्यायचं ते ठरवण्याआधी गावाला विचारा, आणि गावाने पाणी म्हटलं तर आरोग्याचा पैसा पाण्यावर घाला. किती गोष्टी वाटल्या हे मोजू नका. किती बाळं जगली, किती माता बाळंतपणातून सुखरूप आल्या, हे मोजा, आणि मोजणारी माणसं काम करणाऱ्यांहून वेगळी ठेवा. नुसता आकडा छान आला म्हणून खूश होऊ नका, वाईट आला म्हणून पळू नका. आणि पहिल्याच दिवसापासून तालुका आरोग्य अधिकाऱ्याला बरोबर घ्या, कारण तुम्ही जाल तेव्हा तो तिथे असेल.

दान देणाऱ्याचं नाव लिहू नये, असं मी म्हणत नाही. पाणपोईवर आईवडिलांचं नाव लिहिणारा मुलगा आपल्याला भावतो. पण पाणपोईला रोज रांजण भरणारा माणूस लागतो. नाव कोरताना त्याची सोय केली नसेल, तर उन्हात आलेला वाटसरू नाव वाचून तहानलेलाच जातो.

बाभळीखालची गाडी अजून तिथेच आहे. या आठवड्यात कुठल्या तरी कार्यालयात दुसऱ्या गाडीच्या प्रस्तावावर सही व्हायची असेल. सही करणाऱ्याने पेन टेकवण्याआधी एकच प्रश्न विचारावा: पुढच्या वर्षी ही चालवणाऱ्याला पगार कोण देणार? उत्तर कागदावर नसेल, तर गाडी घेऊ नका. तेवढ्याच पैशात गावातल्या बाईच्या हातात घड्याळ द्या, तिला बाळाचा श्वास मोजायला शिकवा, आणि दर महिन्याच्या एक तारखेला तिचा पगार तिच्या खात्यात पोचवा.